गार्नेट पेरिडोटाइटचे मूळ कसे शोधावे

उच्चदाब रूपांतरित प्रदेशात पट्टिताश्माच्या, म्हणजेच नाइसच्या, दूरवर पसरलेल्या थरांत मधूनच पेरिडोटाइटची, म्हणजे मुख्यतः ओलिव्हिन व पायरोक्सिन या खनिजांच्या जड खडकाची, भिंगाकार अंगे उघडी पडलेली आढळतात. नाइस खंडीय कवचातला आणि पेरिडोटाइट बहुधा प्रावरणातला असल्यामुळे ते दोन्ही कोठे आणि केव्हा एकत्र आले, हा प्रश्न उभा राहतो. पेरिडोटाइटमध्ये गार्नेट हे उच्च दाबाखाली वाढणारे खनिज दिसताच तो थेट खोल प्रावरणातून आला असे ठरवून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. गार्नेट हे त्या खडकाने किती दाब सोसला एवढेच सांगते. प्रावरणात असतानाच त्याने तो दाब सोसला, की उथळ पातळीवर येऊन कवचात सामील झाल्यानंतर कवचासोबत पुन्हा खाली ओढला गेल्यावर, हे एकट्या गार्नेटवरून कळत नाही.

शक्यता मुख्यतः तीन असतात. अधोगमन होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या भूपट्टाखाली सरकणाऱ्या, खंडाच्या वर असलेल्या प्रावरणाच्या पाचरीतून एखादा तुकडा सुटून खाली जाणाऱ्या कवचात शिरलेला असतो. किंवा सागरतळाजवळ पाणी मुरून सर्पेंटिनाइट झालेला प्रावरणखडक कवचासोबत खाली जाऊन तेथे निर्जल होतो. किंवा तो प्रावरणाचा तुकडाच नसून कवचात घुसलेल्या शिलारसातून तळाशी साचलेल्या स्फटिकांचा खडक असतो. नॉर्वेच्या पश्चिम नाइस प्रदेशातील गार्नेट पेरिडोटाइटचे मॅग्नेशियम-क्रोमियम आणि लोह-टायटॅनियम असे दोन प्रकार करतात ते याच कारणाने. त्यांतील दुसरा प्रकार कवचात घुसलेल्या शिलारसाशी जोडला जातो.

क्षेत्रात प्रथम सीमा पाहावी. नाइसमधून आलेल्या द्रवांमुळे पेरिडोटाइटच्या कडेला बायोटाइट, टाल्क, ॲक्टिनोलाइट आणि क्लोराइट यांचे काळपट-हिरवे पट्टे तयार होतात. हे पट्टे उशिरा घडलेले असल्यामुळे मूळ ठरवण्यासाठी त्यांतील नमुना उपयोगी नाही. तो अंगाच्या गाभ्यातून घ्यावा. त्यानंतर पेरिडोटाइटमध्ये अडकलेल्या बेसाल्टी भित्तींचे (भेगांत शिरून गोठलेल्या शिलारसाच्या पट्ट्यांचे) अवशेष कसोशीने शोधावेत. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातील चिमा दी गान्योने येथे असे अवशेष कॅल्शियमने समृद्ध झालेले आहेत, म्हणजे ते रूपांतरित रोडिंजाइट आहेत. पेरिडोटाइटचे सर्पेंटिनाइट होत असताना त्यातील भित्तींना बाहेरून कॅल्शियम मिळते आणि त्यांतील सोडियम निघून जाते. त्यामुळे हा खडक अधोगमनापूर्वी उथळ पातळीवर पाण्याच्या संपर्कात आला होता, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच मिळतो. माझ्या मते क्षेत्रातील सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच आहे.

नमुना हाती आल्यावर भिंगातून जांभळट-लाल गार्नेटभोवती काळसर कडे दिसते का ते पाहावे. पातळ छेदात हे कडे पायरोक्सिन, स्पिनेल आणि अँफिबोल यांच्या गार्नेटपासून बाहेर फाकणाऱ्या सूक्ष्म तंतूंचे बनलेले दिसते आणि त्याला केलिफाइट म्हणतात. खडक वर येताना दाब उतरल्यामुळे ते तयार होते. त्यामुळे दाब-तापमानाचे गणित कड्यावर न करता गार्नेटच्या शाबूत गाभ्यावर करावे. त्याच गाभ्यात कोणती खनिजे बंदिस्त आहेत ते नोंदवावे. क्लोराइट किंवा अँफिबोल असेल तर गार्नेट वाढण्यापूर्वी खडक सजल होता, अर्थात दुसऱ्या शक्यतेचे पारडे जड होते. नॉर्वेतील ओत्रोय बेटावरच्या गार्नेटमध्ये मात्र पायरोक्सिनच्या समांतर कांड्या आहेत. अतिखोल पातळीवर गार्नेटमध्ये विरघळलेले पायरोक्सिन नंतर वेगळे झाल्याने त्या बनल्या, आणि त्यांवरून १९९८ साली १८५ किलोमीटरहून अधिक खोलीचा निष्कर्ष मांडण्यात आला. अशा अर्थनिर्णयात सावधगिरी हवी. आल्प्समधील आल्पे आरामी येथील ओलिव्हिनमधल्या इल्मेनाइटच्या सूक्ष्म कांड्यांवरून १९९६ साली ३०० किलोमीटरहून अधिक खोली सुचवली गेली आणि तिच्यावर पुढे मोठा वाद झाला.

रासायनिक विश्लेषणाने तिसरी शक्यता तपासता येते. प्रावरणातील अवशिष्ट पेरिडोटाइटच्या ओलिव्हिनमध्ये लोह व मॅग्नेशियमच्या बेरजेत मॅग्नेशियमचा अणुवाटा साधारण ९० ते ९३ टक्के आणि निकेल ऑक्साइड ०.४ टक्क्यांच्या आसपास असते. शिलारसातून साचलेल्या खडकांत हे आकडे बहुधा कमी आणि थरागणिक बदलते असतात. मात्र पहिल्या दोन शक्यतांमध्ये निवड करण्यास हे विश्लेषण पुरेसे नाही, कारण सागरतळावरील सर्पेंटिनाइटसुद्धा मुळात प्रावरणाचाच असतो.

त्यासाठी वयांची तुलना कामी येते. प्रावरण अंशतः वितळताना रेनियम शिलारसाबरोबर जाते आणि ऑस्मियम मागे राहते, म्हणून रेनियम-ऑस्मियम पद्धतीने तो वितळण्याचा काळ अजमावता येतो. पश्चिम नॉर्वेतील आल्मक्लोव्हदालेन येथील पेरिडोटाइटमध्ये या पद्धतीने आर्कियन, म्हणजे २५० कोटी वर्षांपलीकडचा, काळ निघतो. भोवतालचा नाइस बहुतांशी १६० ते १७० कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचे उच्चदाब रूपांतरण सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी झाले. शिवाय या प्रदेशातील अनेक गार्नेटांची सॅमेरियम-निओडिमियम वये त्या रूपांतरणापेक्षा फार जुनी आहेत. गार्नेट हे रूपांतरण घडवणाऱ्या खंडांच्या टकरीच्या कितीतरी आधीपासून तेथे होते, तेव्हा हे तुकडे जुन्या खंडीय प्रावरणातून आले असे मानणे सयुक्तिक ठरते.

लडाखमधील त्सो मोरारी परिसरात काम करणाऱ्यांपुढे अडचण वेगळी असते, कारण तेथील एक्लोजाइटच्या (उच्च दाबाखाली रूपांतरित झालेल्या बेसाल्टी खडकाच्या) सान्निध्यातील प्रावरणखडक सर्पेंटिनाइट झालेला आहे. ओलिव्हिन नष्ट झाले असले तरी क्रोम-स्पिनेलचे गाभे अनेकदा टिकून राहतात. त्यांचे क्रोमियम-ॲल्युमिनियम प्रमाण आणि संपूर्ण खडकातील ॲल्युमिनियम यांवरून मूळ खडक किती वितळला होता हे काढावे. पूर्व लडाखमधील अशा सर्पेंटिनाइटचा मूळ खडक अतिशय निःसत्त्व झालेला, म्हणजे खूप वितळून शिलारस निघून गेलेला, प्रावरणखडक होता, आणि त्यात आर्सेनिक व अँटिमनीसारखी द्रवांबरोबर वाहणारी मूलद्रव्ये वाढलेली आढळली. त्यांवरून तो खाली जाणाऱ्या भूपट्टातून सुटलेल्या पाण्याने भिजलेल्या प्रावरण-पाचरीचा असल्याचे प्रतिपादन झाले आहे. जवळच निदार ओफिओलाइट, म्हणजे जमिनीवर आलेला जुन्या सागरी कवच-प्रावरणाचा तुकडा, असल्यामुळे तेथील पेरिडोटाइटचे नमुने स्वतंत्र पिशव्यांत ठेवून त्यांचेही तेच विश्लेषण करावे. त्या तुलनेशिवाय कोणताही निष्कर्ष लिहू नये.