लॉन काढून फुलबाग: सांगलीच्या काळ्या मातीत कशी करावी

बंगल्यापुढचं लॉन दिसायला छान, पण पोसायला महाग. उन्हाळाभर पाणी पाजा, पावसाळाभर कापत बसा, आणि एवढं करून देवाला वाहायला एक फूल नाही. त्याच जागेत बारमाही फुलबाग होते. रोपं लावणं सोपं असतं, बाग फसते ती आधीच्या तयारीत.

काम एप्रिलमध्येच काढा. लॉनला भरपूर पाणी सोडा आणि वाफसा आला (माती ओलसर, पण हाताला चिकटत नाही) की कुदळीने वीतभर खोल खणा. लॉन कुठल्याही जातीचं असो, त्यात हरळी शिरलेली असतेच. वरचं गवत सोलून ती जात नाही. ढेकूळ फोडून बघा: आत पांढुरक्या, पेरापेरांच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, दिसतील आणि प्रत्येक पेरावर एक डोळा. नखाएवढा तुकडा राहिला तरी त्यातून कोंब येतो. म्हणूनच इथे रोटर फिरवू नका, एका काशीचे पन्नास तुकडे होतील. हातानेच वेचायचं. लव्हाळ्याच्या काळ्या गाठीही उचला. हा माल खतखड्ड्यात टाकू नका, फरशीवर कडकडीत वाळवा. गणपतीला दूर्वा हव्यात तर थोडी हरळी कुंडीत ठेवा, जमिनीत नको.

वेचून झालं की जमीन सपाट करून भिजवा आणि वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा. काळा कागद नको, पारदर्शकातून ऊन आत जाऊन माती जास्त तापते. 4 ते 6 आठवडे हात लावू नका. तणाचं बी आणि बरीचशी बुरशी मरते. खोलवरची हरळी मात्र यातूनही तगते, म्हणून वेचणी आधी.

आता माती. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते, मुळं कुजतात. त्यात चार घमेली वाळू मिसळून काही होत नाही. त्यापेक्षा 8-9 इंच उंच गादीवाफे करा. रुंदी 4 फुटांपर्यंतच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. मधल्या वाटेत शहाबादी फरशी टाका. वाफ्यावर 2 इंच शेणखत पसरून मातीत कालवा. खत पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. अर्धकच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि हुमणी काय करते ते कुठल्याही ऊसवाल्याला विचारा.

पाऊस स्थिरावला की लागवड. मागे जास्वंद आणि तगर, मधे 3-4 फुटांवर मोगरा आणि गुलाब, सावलीच्या कोपऱ्यात अबोली, कडेला सदाफुली आणि लिली. मोगऱ्याला निदान 5-6 तास ऊन हवंच. घरात लहान मुलं असतील तर कण्हेर टाळा, ती विषारी आहे. दसऱ्याला घरचा झेंडू हवा तर रोपं जुलैअखेरपर्यंत दीड फुटावर लावा आणि महिन्याभराने शेंडा खुडा, फुटवे वाढतात.

लागवडीनंतर उसाचं पाचट 3 इंच अंथरा, खोडापासून चार बोटं दूर. आपल्या भागात ते ओळखीपाळखीत सहज मिळतं, आणि ओल धरायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. पाणी ठिबकने द्या. पहिला पावसाळाभर आठवड्यातून एकदा पाचट बाजूला करून हरळीचे कोंब काशीसकट उपटा. एक आठवडा चुकला तर पुढचे दोन निस्तरण्यात जातात.

शेवंतीची जागा मात्र नीट निवडा. दिवस लहान झाले की ती कळ्या धरते. पोर्चचा किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर नुसता पाला वाढतो. अंधाऱ्या बाजूला लावा. बहर संपला की झाड जमिनीलगत छाटा, बुडातून नवे फुटवे येतात. तेच मुळांसकट वेगळे करून पुढच्या जूनमध्ये लावायचे.