पावसाचा आलेख फ्लास्कच्या पानावर

अंगणातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मी फ्लास्कच्या (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) पानावर चार्ट.जेएसने (ब्राउझरमध्ये आलेख काढणारी लायब्ररी) दाखवतो. पानात एक कॅनव्हास टॅग, म्हणजे आलेखाची जागा, टाका. पायथनमध्ये तारखा आणि मिलिमीटर अशा दोन लिस्ट करून जेसनिफायने (डेटा जेसन या मजकुरी रूपात देणारं फ्लास्कचं फंक्शन) परत करा. ब्राउझरमध्ये फेचने (सर्व्हरकडून डेटा मागवणारं फंक्शन) त्या उचलून चार्टला द्या. बिंदूवर माउस नेला की आकडा दिसतो, तो फुकटात.

माझी संध्याकाळ खाल्ली ती पांडासने, म्हणजे ज्या पायथन लायब्ररीने मी नोंदींचा तक्ता वाचतो तिने. गावाला गेलो त्या दिवसांच्या रिकाम्या नोंदीत ते 'नॅन' (NaN, 'आकडा नाही') भरतं. पायथन ते तसंच पाठवतो, पण जेसनमध्ये नॅन चालत नाही. ब्राउझर सगळाच डेटा नाकारतो. आधी तिथे पायथनचा 'नन' (None, 'काहीच नाही') घाला, मग रेषेत नुसती फट पडते. शून्य मात्र भरू नका, कोरडा दिवस वेगळा! आणि महिना बदलताना जुन्या चार्टवर आधी डिस्ट्रॉय (चार्ट काढून टाकणारी आज्ञा) चालवा, नाहीतर त्याच कॅनव्हासवर नवा चार्ट बसत नाही.