अंगठीआधी खडा: जयपुरातल्या शिकाऊ दिवसांतून

चांदीची अंगठी घडवायला मी नाशिकला एका सोनारकाकांकडे शिकले. डाग देणं (ज्योतीने सांधा जोडणं), कानस चालवणं हातात बसलं होतं. खडे मात्र बाजारातून आणायचे आणि बसवायचे, एवढंच. मग एका गिऱ्हाईकाची अंगठी एक नंबरने वाढवताना, खडा न काढताच मी तिच्यावर ज्योत धरली आणि पाचू तडकला. पाचूत जन्मजात भेगा असतात, त्यांत बहुधा तेल मुरवलेलं असतं आणि अशी आच त्याला सोसत नाही, हे मला तेव्हा कळलं. नुकसान भरून दिलं आणि सहा महिन्यांसाठी जयपूर गाठलं.

रामगंजमधल्या उस्तादांनी पहिले काही आठवडे फक्त अ‍ॅमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ, घासायला दिला. लाखेने खडा दांडीवर चिकटवायचा आणि फिरत्या चाकीला टेकवून एकेक पैलू पाडायचा. माझा पहिला लांबट गोल खडा झाला, चकचकीत झाला. उस्तादांनी तो वर्तमानपत्रावर ठेवला. मधोमध खालची अक्षरं सरळ वाचता येत होती. "इसमें तो खिड़की है, बेटा," एवढंच ते म्हणाले. वजन वाचवायच्या नादात मी खालचा उतार फार सपाट ठेवला होता. मोजला तर 37 अंश. क्वार्ट्झला तिथे साधारण 41 ते 43 अंश लागतात. त्याहून सपाट झाला की वरून आलेला प्रकाश डोळ्याकडे परतत नाही, तळातून निसटतो. तोच खडा पुन्हा घासला. सव्वासहा कॅरटचा पाच कॅरटवर आला, पण पेटला! तो अजून माझ्याकडे आहे.

म्हणून खडा घेताना आधी कागदावर ठेवून बघा, मग कडेने. खडे कॅरटवर विकले जातात (1 कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम), त्यामुळे पुष्कळ नीलमांना खाली पोट सोडलेलं असतं. त्या पोटाचे पैसे आपण देतो आणि ते कोंदणात लपून जातं.

दुसरी गोष्ट काठिण्याची, म्हणजे चरा न पडण्याच्या ताकदीची. ते 1 ते 10 अशा मोह्स मापावर सांगतात. अंगठी ओट्याला, दाराला, भांड्यांना आपटते. शिवाय साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचं काठिण्य 7. मूनस्टोन 6 ते 6.5, मोती जेमतेम 2.5, नुसती धूळ पुसतानाही त्यांवर चरे पडतात. रोज घालायच्या अंगठीत मी ते बसवत नाही, कानातल्यांत खुशाल बसवते. माणिक आणि नीलम 9, तिथे निर्धास्त राहा. पाचू 7.5 ते 8 असूनही ठिसूळ. त्याच्या चौकोनी कटाचे चारही कोपरे छाटतात ते यासाठीच. टोकदार कोपरा पहिल्याच धक्क्याला उडतो.

खडा कधीही कोरडा घासू नका. क्वार्ट्झ, अकीक (अ‍ॅगेट) यांची धूळ छातीत बसली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. चाकीवर पाणी हवंच, तोंडावर चांगला मास्कही.

पहिल्या अंगठीसाठी पैलूदार खडा घेऊ नका. गुळगुळीत घुमटाचा, सपाट तळाचा अकीक घ्या, साधारण 10 बाय 8 मिलिमीटरचा. शुद्ध चांदीची पातळ पट्टी त्याच्याभोवती वळवा, खडा बाजूला काढून डाग द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच खडा आत ठेवा. पट्टीची कड समोरासमोर थोडी थोडी दाबत जा. एका बाजूने सलग दाबलीत तर खडा तिरका बसतो.