इंग्रजीतील नामांचे प्रकार : या चुका टाळा

विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक आणि भाववाचक हे इंग्रजी नामांचे पाच प्रकार बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. परीक्षेत शब्दासमोर प्रकार अचूक लिहिणारा विद्यार्थी निबंधात मात्र ‘माय हेअर्स आर लाँग’ लिहितो. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे, ती मराठीतून येते. आपले केस वाढतात, गळतात, पिकतात, म्हणजे डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनीच असतात. इंग्रजी मात्र डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून न मोजता येणारी एकच गोष्ट मानते, म्हणून ‘माय हेअर इज लाँग’ हे बरोबर. भातात एखादा केस सापडला, तर तोच शब्द मोजता येतो आणि तिथे ‘अ हेअर’ म्हणावे लागते.

त्यामुळे पाच प्रकारांच्या आधी मोजता येणारी आणि न मोजता येणारी नामे हा भेद पक्का करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सल्ले देतो आणि बातम्या ऐकतो, परंतु इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही, एक सल्ला म्हणजे ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ असला तरी क्रियापद ‘इज’च येते. फर्निचर, लगेज, होमवर्क हे शब्दही याच गटातले. ‘इन्फर्मेशन्स’ ही चूक मात्र मला नेहमी बुचकळ्यात टाकते, कारण मराठीतही ‘माहित्या’ असे कोणी म्हणत नाही. शंका आल्यास विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडावा. अशा अनेक कोशांत मोजता येणाऱ्या नामापुढे ‘सी’ आणि न मोजता येणाऱ्या नामापुढे ‘यू’ हे अक्षर छापलेले असते.

दुसरी चूक म्हणजे प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला आहे, असे समजणे. ‘ग्लास’ म्हणजे काच, तेव्हा ते पदार्थवाचक नाम; ‘अ ग्लास’ म्हणजे पाण्याचा पेला, तेव्हा सामान्यनाम; आणि ‘ग्लासेस’ म्हणजे पुष्कळदा चष्मा, जो मराठीत एक असला तरी इंग्रजीत ‘आर’ घेतो. कात्रीचेही तसेच. उलट मराठीत ‘एक पोलीस आला’ चालते, पण इंग्रजीत ‘पोलीस’ हा शब्द अनेकवचनी असल्यामुळे एकट्याला ‘अ पोलीस ऑफिसर’ म्हणावे लागते.

समूहवाचक नामांबाबत एवढेच लक्षात ठेवावे की ‘टीम’नंतर ब्रिटिश इंग्रजीत ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात, अमेरिकन इंग्रजीत बहुधा ‘इज’च येते.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढायचे राहून जाते. वार, महिने आणि भाषा यांची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात, ऋतूंची नाहीत. नाशिकच्या आधी ‘द’ लागत नाही. गोदावरीच्या आधी मात्र लागतो, कारण नद्यांच्या नावांना इंग्रजीत तो लावतातच.

‘माझे वडील शिक्षक आहेत’ याचे भाषांतर करताना ‘माय फादर आर अ टीचर’ असे लिहिले जाते, तेव्हा मनात असतो तो आदर. मराठीत तो आदरार्थी अनेकवचनातून व्यक्त होतो. इंग्रजीत नामाच्या वचनातून आदर व्यक्त होत नाही, म्हणून तिथे ‘इज’च लिहावे.