नोटीस बोर्ड वाचायला शिकताना

सनद मिळून तिसरा महिना होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आमचे एक पक्षकार नागपूरला आले होते. वय सत्तरीच्या पुढचं. मुलगा अपघातात गेलेला, नुकसानभरपाईचा दावा सुरू आणि त्या दिवशी त्यांची साक्ष. आदल्या दिवशी दुपारीच गावातून निघाले, रात्र बसस्टँडवर काढली आणि सकाळी साडेदहाला स्वच्छ धोतर नेसून कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. अकरा वाजता कळलं की न्यायाधीश प्रशिक्षणासाठी उत्तनच्या न्यायिक अकादमीत गेले आहेत आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या साक्षी पुढे ढकलल्या आहेत. तशी नोटीस दोन दिवसांपासून दाराशेजारच्या फळ्यावर लागलेली होती. त्या दोन दिवसांत मी त्या फळ्यासमोरून चार वेळा तरी गेले असेन.

"मॅडम, आज पेशी नाही का जी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली.

सीनियर रागावले नाहीत. नोटीस बोर्ड पाहिला होता का, एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याकडे दिलं. रोज संध्याकाळी उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायालय या दोन्हींच्या संकेतस्थळावरचं नवीन काय ते वाचायचं, दुसऱ्या दिवसाचा बोर्ड (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) काढायचा, कोण रजेवर आहे ते पाहायचं आणि घरी जाण्याआधी त्यांना सांगायचं. सुरुवातीचे सहा महिने मला हे निव्वळ कारकुनी वाटायचं. लॉ कॉलेजात पाच वर्षं निकाल वाचले, घटनेवर निबंध लिहिले, आणि आता सुट्ट्यांची यादी वाचायची? आज नऊ वर्षांनी भंडारा, गोंदिया, यवतमाळहून नवी मुलं-मुली चेंबरला येतात तेव्हा मीही त्यांना पहिल्या दिवशी हेच काम देते. का देते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिला गोंधळ होतो तो कोणतं कोर्ट कोणाचं, यात. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाची दगडी इमारत आहे आणि जिल्हा न्यायालयाचं न्यायमंदिरही आहे. या दोघांचे बोर्ड वेगळे, सुट्ट्या वेगळ्या, अर्जांची पद्धतही वेगळी. कौटुंबिक न्यायालय, औद्योगिक न्यायालय, प्रशासकीय न्यायाधिकरण, ग्राहक आयोग यांचा कारभार आणखी निराळा. 'कोर्टाला सुट्टी आहे' असं कोणी म्हटलं की आधी विचारा, कोणत्या कोर्टाला? जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, तान्ह्या पोळ्याला शाळा बंद असतात, म्हणून कोर्टही बंद असेल असं धरून चालू नका. कोर्टाची यादी स्वतंत्र निघते, तीच पाहायची.

उच्च न्यायालयाची परिपत्रकं वाचताना थोडा इतिहास माहीत असलेला बरा. १९३६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय सुरू झालं. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं. आज विदर्भाचे ११ जिल्हे या खंडपीठाकडे आहेत. म्हणूनच आपल्याकडे येणाऱ्या कागदाच्या माथ्यावर मुंबईचं नाव असतं आणि महाप्रबंधक (रजिस्ट्रार जनरल) मुंबईत बसतात. काही परिपत्रकं सगळ्या खंडपीठांसाठी असतात, काही फक्त मुंबईसाठी, काही फक्त नागपूरसाठी. नवखा माणूस मथळा वाचून घाबरतो. 'ओरिजिनल साइड'च्या फायलिंगचा नवा नियम आला की दोन-तीन ज्युनियर धावत माझ्याकडे येतात. ओरिजिनल साइड, म्हणजे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात ती शाखा, फक्त मुंबईत आहे. आपलं सगळं काम अपिलेट साइडचं, १९६० च्या अपिलेट साइड नियमांखालचं. त्यामुळे कागद हातात आला की आधी शेवटची ओळ वाचा, प्रत कोणाकोणाला पाठवली आहे ती. आपलं खंडपीठ किंवा आपला जिल्हा त्यात आहे का, ते तिथे कळतं. मग तारीख पाहा, आणि तारखा दोन असतात. एक कागद निघाल्याची, दुसरी तो लागू होण्याची. गडबड नेहमी या दोन तारखांतच होते.

कोल्हापूरचं उदाहरण सांगते. तिथल्या खंडपीठाची मागणी कित्येक वर्षं सुरू होती. १७ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई स्वतः आले होते. ते मूळचे अमरावतीचे आणि त्यांची वकिली मुख्यतः नागपुरात झालेली, त्यामुळे आमच्या बार रूममध्ये त्या दिवशी मोठं समाधान होतं. वर्तमानपत्रांत फोटो आले ते १७ तारखेचे. अधिसूचनेत मात्र १८ ऑगस्ट लिहिलेलं होतं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची नावं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ चा आधारही त्यात दिलेला. आमच्या एका पक्षकाराच्या साताऱ्याच्या बहिणीचं प्रकरण होतं. पेपर वाचून त्यांनी फोनवर दहा प्रश्न विचारले. त्या दोन पानांच्या अधिसूचनेतून मी दहाच्या दहा उत्तरं देऊ शकले. बातमीवरून कळतं की काहीतरी घडलं आहे. कोणासाठी, कधीपासून आणि कशाच्या आधारे, हे मूळ कागदातच मिळतं.

बोर्डाबद्दल आता. उद्या कोणत्या कोर्टापुढे कोणतं प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे, ती यादी म्हणजे बोर्ड. मुख्य बोर्ड काढून निवांत झोपू नका, पुरवणी बोर्ड नंतर लागतो आणि तातडीचं प्रकरण नेमकं त्यात असतं. शोधताना फक्त पक्षकाराच्या नावाने शोधू नका, नावांचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर बदलतं. प्रकरण क्रमांक, आपल्या वकिलाचं नाव आणि समोरच्या वकिलाचं नाव, तिन्हींनी शोधा. खालच्या कोर्टात सीएनआर क्रमांक सर्वांत भरवशाचा. १६ अक्षर-अंकांचा तो क्रमांक असतो. सुरुवातीला राज्य आणि जिल्ह्याची अक्षरं, मग त्या न्यायालयाचा संकेतांक, मग प्रकरणाचा अनुक्रम आणि शेवटी वर्ष. प्रकरण एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेलं तरी त्यावरून माग लागतो. प्रत्येक फाइलच्या आतल्या बाजूला तो ठळक लिहून ठेवायची सवय लावा.

उच्च न्यायालयात कोणत्या न्यायमूर्तींपुढे कोणत्या प्रकारची प्रकरणं जातील, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. त्यालाच आम्ही असाइनमेंट किंवा रोस्टर म्हणतो. ते बदललं की काल ज्या कोर्टात जामीन अर्ज चालत होते तिथे आज प्रथम अपिलं चालतात. त्या दिवशी चुकीच्या कोर्टात प्रेसिपी (प्रकरण बोर्डवर घेण्याची लेखी विनंती) घेऊन उभं राहिलं की वेळ जातो, आणि अटकेच्या किंवा पाडकामाच्या प्रकरणात एक दिवसही फार मोठा असतो. रोस्टर वाचताना सिंगल बेंच (एक न्यायमूर्ती) की डीबी (डिव्हिजन बेंच, दोन न्यायमूर्ती) हे पाहा, मग प्रकरणाचा प्रकार, मग दाखल झाल्याचं वर्ष. काही वेळा २०१५ पर्यंतची अपिलं एका कोर्टाकडे आणि नंतरची दुसऱ्याकडे, अशीही वाटणी होते. अर्धवट ऐकलेल्या प्रकरणांसाठी वेगळी ओळ असते, तीही वाचा.

जिल्हा न्यायालयात याच्याइतकीच मोठी घडामोड म्हणजे न्यायाधीशांच्या बदल्या. वार्षिक बदल्यांचा आदेश निघाला की सगळे नावं वाचतात, कोण कुठे गेलं त्याच्या गप्पा होतात. तुम्ही मात्र आपल्या फायली काढा. कोणत्या प्रकरणात साक्ष अर्धी झाली आहे? कोणत्यात युक्तिवाद होऊन निकाल राहिला आहे? दिवाणी प्रकरणात नवीन न्यायाधीश आधी नोंदवलेल्या पुराव्यावरून पुढे जाऊ शकतात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १५ मध्ये तशी सोय आहे. फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६५ मध्ये सर्वसाधारणपणे तसंच आहे, पण संक्षिप्त रीतीने चाललेल्या खटल्यांना ती सोय नाही. धनादेश न वटल्याचे, परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चे खटले बरेचदा या प्रकारात मोडतात. न्यायाधीश बदलले आणि खटला खरोखर संक्षिप्त रीतीने चाललेला असेल, तर आधीच्या न्यायाधीशांपुढचा पुरावा तसाच वापरून दिलेली शिक्षा अपिलात टिकत नाही. माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षं चालवलेला खटला याच मुद्द्यावर पुन्हा सुरुवातीला आला. बदलीचा आदेश आला त्या दिवशी रोजनामे (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी) उघडून पाहिले असते, तर मुद्दा तेव्हाच न्यायालयापुढे ठेवता आला असता.

सुट्ट्यांची यादी मी सर्वांत काळजीने वाचते, कारण मुदत तिथे अडते. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ४ नुसार मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असताना आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. नेहमीच्या कामाच्या वेळेपैकी काही भाग जरी कोर्ट बंद राहिलं, तरी तो दिवस बंदच धरला जातो. हे ऐकून ज्युनियर निर्धास्त होतात, आणि चूक इथेच होते. उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत न्यायदान थांबलेलं असलं तरी कार्यालय कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत सुरू, कोणतं काम घेणार, हे सुट्टीच्या नोटिशीत लिहिलेलं असतं. शिवाय प्रत्येक कायद्यात ही सवलत सारखी नाही. लवाद निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने असतात आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की कलम ४ चा आधार त्या तीन महिन्यांसाठी आहे, वरच्या ३० दिवसांसाठी नाही. म्हणजे ते ३० दिवस सुट्टीत संपले तर कोर्ट उघडण्याची वाट पाहणाऱ्याचा हक्क गेला. म्हणून नवीन वर्षाची यादी आली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन घेऊन बसते आणि चालू मुदती त्यावर उतरवते. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस कलम १२ प्रमाणे वजा होतात, त्यासाठी नक्कल विभागात अर्ज दिल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवर नीट उमटली आहे ना, ते खिडकीवर उभं असतानाच तपासा.

न्यायाधीश होण्याची तयारी करणाऱ्यांसाठी थोडं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी आपल्याकडे लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रवेशासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर घाबरलेल्या मुलींचे इतके निरोप आले की मी उत्तरं लिहून थकले. ज्यांनी निकाल वाचला त्यांना दिसलं की वकिलीचा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायचा आहे, न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरायचं आहे आणि आधीच सुरू झालेल्या भरतीला ही अट लागू नाही. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर न्यायालयाच्या प्रमुखांची मोहोर लागते. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपल्या हजेऱ्यांची वही ठेवायला हवी. भरतीची प्रत्यक्ष जाहिरात येईल तेव्हा तीही ओळ न ओळ वाचा.

फोनवर फिरणाऱ्या कागदांवर मात्र विसंबू नका. मागच्या वर्षीचं परिपत्रक वरची तारीख कापून ग्रुपवर येतं, आणि पाठवणाऱ्याचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. मूळ संकेतस्थळावर सापडेपर्यंत ते पुढे पाठवायचं नाही आणि पक्षकाराला सांगायचं नाही, हा आमच्या चेंबरचा नियम आहे. संकेतस्थळावर नसेल तर फळ्यासमोर जायचं. फळ्यावरही नसेल तर त्या विभागात जाऊन विचारायचं. आमच्या मुन्शीजींना तीस वर्षांचा अनुभव आहे. कोणत्या खोलीत काय विचारावं आणि किती वाजता विचारावं, हे मी त्यांच्याकडून शिकले. कर्मचाऱ्यांशी आदराने बोला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठू नका, आणि उत्तर मिळालं की तिथेच वहीत टिपून घ्या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले असतात, तेव्हा अर्धा तास आधी निघा.

त्या आजोबांची साक्ष पुढच्या महिन्यात लागली. दोन दिवस आधी मी फळा पाहिला, आदल्या सकाळी पुन्हा पाहिला, आत जाऊन साहेब रजेवर नाहीत ना ते विचारलं आणि बोर्डवर आमचा क्रमांक पाहून घेतला. मग व्हरांड्यातूनच गावातल्या दुकानाच्या नंबरवर फोन लावला. त्यांना बोलावून आणायला दहा मिनिटं लागली. मी तशीच थांबले.

"बाबा, उद्या पेशी आहे. या जी," मी म्हणाले.