कापूस यायच्या आधी रांग तपासून घ्या

दसरा झाला की हिंगणघाटकडच्या जिनिंगांवर बंड्या अन् ट्रॅक्टर लागू लागतात. मग सर्व्हरवरच्या रांगेकडे, म्हणजे प्रत्येक गाडीमागची कॉम्प्युटरची कामं ओळीनं थांबतात तिकडे, पाहायला कोणाला सवड? म्हणून ही तयारी डवरणीच्या दिवसांतच उरकायची.

आधी कागदावर लिहा, एक गाडी खाली झाली की रांगेतलं एक काम काय काय करतं. आमच्याकडे चार पायऱ्या आहेत: वजनाची नोंद, काटापट्टीचा (वजनाच्या पावतीचा) नंबर, बँकेला पैशांचा आदेश, शेतकऱ्याला एसएमएस. प्रत्येकीपुढे लिहा, ही दोनदा चालली तर काय बिघडेल. एसएमएस दोनदा गेला तर माणूस हसेल. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, दोनदा गेला तर कोणी हसणार नाही.

मागच्या सीझनला एका केंद्रावर पट्टीला नंबर पडला आणि लाईन गेली. लाईन आल्यावर वर्करनं, म्हणजे रांगेतली कामं उचलून करणाऱ्या प्रोग्रामनं, काम पहिल्यापासून चालवलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी दोन कागद घेऊन खिडकीशी उभे: "भाऊ, माह्या एकाच बंडीच्या दोन पट्ट्या कशा?" माणूस सरळ, म्हणून निभावलं. चूक माझीच होती, नंबर वर्कर स्वतः पाडत होता. आता तो काट्याच्या नोंदीसोबत, काम रांगेत टाकतानाच ठरतो आणि डेटाबेसात त्यावर युनिक बंधन आहे, म्हणजे तोच नंबर दोनदा बसत नाही. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (नोंद आधीच असेल तर काही करू नकोस) पुरतं, ते 9.5 आवृत्तीपासून आहे.

बँकेची पायरी सगळ्यात वाईट. उत्तर आलं नाही याचा अर्थ आदेश पोचला नाही असा होत नाही. पाठवण्याआधी 'पाठवतोय' अशी नोंद पक्की करा. पुन्हा उठल्यावर ती दिसली तर त्याच संदर्भ क्रमांकानं आधी स्थिती विचारा. तरीही कळलं नाही तर काम थांबवून माणसाकडे द्या.

मग रांग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज; एसक्यूएस, साइडकिक, सेलरी ही अशीच सॉफ्टवेअरं. एसक्यूएसमध्ये उचललेलं काम मुळात 30 सेकंदच बाकी वर्करांपासून लपलेलं राहतं; बँकेला मिनिट लागलं की दुसरा वर्कर तेच काम उचलतो, म्हणून वेळ वाढवा. साइडकिक स्वतःहून 25 वेळा, जवळपास तीन आठवडे प्रयत्न करत राहतो. चुकाऱ्यासाठी एवढा धीर कोण धरतो? सेलरी काम सुरू होण्याआधीच रांगेला पोच देऊन टाकते आणि ते रांगेतून निघतं, म्हणजे मधेच लाईन गेली की काम हरवलं. 'अ‍ॅक्स लेट' (पोच काम संपल्यावर) चालू करा, पण वरचं सगळं झाल्यावरच. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढतं ठेवा आणि त्यात थोडी अनियमितता घाला, नाहीतर लाईन आली की सगळी केंद्रं एकदमच बँकेवर तुटून पडतात.

शेवटी खोटी बँक जोडून रंगीत तालीम. प्रत्येक पायरीनंतर एकदा, असा चार वेळा प्लग ओढा. दरवेळी पट्टी एक, आदेश एक, हे मोजा. इन्व्हर्टर आधी बंद करा. आम्ही पहिल्यांदा विसरलो आणि तालीम फारच छान झाली.