पुण्याचा जूनचा पैसा फेब्रुवारीतच बाजूला काढा

शिकायला किंवा नोकरीला गेलं तर पुण्यात महिन्याला किती लागतात, हे सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तरही मिळतं. पण विदर्भातल्या शेतकरी घराची गाडी महिन्याच्या खर्चावर क्वचितच अडते. ती अडते पहिल्या दीड महिन्यावर, आणि तो दीड महिना नेमका मृगाच्या तोंडावर येतो. फी, डिपॉझिट, गादी, मेसचा अॅडव्हान्स हे सगळं जून-जुलैत एकदम लागतं. घरात तेव्हा बियाणं, खत आणि मजुरीचे दिवस असतात. आपल्याकडे पैसा सोयाबीनचा दसरा-दिवाळीला येतो, कापसाचा त्यानंतर, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे पुणे मागतं तेव्हा घरी नसतो, घरी असतो तेव्हा पुणे मागत नाही.

हिशेब उघडा मांडून बघू. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एका कॉटपुरती जागा घ्यायची, कॉटचं भाडं ५,००० आणि मेस ३,५०० धरू. बस आणि वरखर्च मिळून २,५००. झाले महिन्याचे ११,०००. आता पहिल्या वेळची रक्कम बघा: डिपॉझिट दोन महिन्यांचं १०,०००, दोन महिन्यांचं भाडं १०,०००, दोन महिन्यांची मेस ७,०००, गादी-बादली-कुलूप वगैरे २,५००, गावाहून येणं १,०००, वरखर्च दोन महिन्यांचा ५,०००. एकूण ३५,५००. भागाप्रमाणे आकडे वर-खाली होतील, पण सांगाडा हाच राहतो. महिन्याच्या खर्चाच्या तिप्पट रक्कम हातात नसेल, तर निघायची तारीख पुढे ढकललेली बरी.

नोकरीवाल्यांनी यात पगाराची तारीख घालावी. २० जूनला रुजू झालात आणि कंपनीचा त्या महिन्याचा पगार-हिशेब आधीच बंद झालेला असेल, तर जूनचे दिवस जुलैच्या पगारात जोडून मिळतात. तो पगार ७ ऑगस्टपर्यंत आला तरी ४८ दिवस झाले. शिवाय ऑफर लेटरवरच्या ३ लाखांना १२ ने भागून २५,००० धरू नका. बेसिक १२,५०० असेल, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्या २५,००० मध्येच मोजलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वेगळा कापला जातो. हातात येतात २१,२०० च्या आसपास. २५,००० पर्यंत पगार असलेल्या मुलींना व्यवसाय कर नाही, आणि फेब्रुवारीत तो २०० ऐवजी ३०० कापतात.

मग जूनचा पैसा कुठून आणायचा? साधा उपाय म्हणजे तूर विकली की त्यातले ३५,००० त्याच दिवशी चार महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकायचे. घरातल्या खात्यावर राहिले तर ते लग्नसराईत जातात, हे सांगायला नको. तूर अजून घरातच असेल, तर बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू आहे का ते विचारा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. पीक कर्जाला मात्र हात लावू नका. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज लागत नाही. ते डिपॉझिटमध्ये अडकलं की बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर येतं, आणि तिथला भाव व्याजासकटच असतो. शैक्षणिक कर्ज काढणार असाल, तर अर्जातच राहण्या-जेवण्याचा खर्च दाखवा. बरेच जण फक्त फी लिहितात आणि मग जेवणासाठी हातउसने शोधत फिरतात.

सरकारी मदत आहे आणि ती घ्यायलाच हवी. शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये. स्वाधारमध्ये त्याची फोड भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,००० अशी आहे. यात स्पर्धा परीक्षेचा खासगी क्लास बसत नाही, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश लागतो. आणि हे पैसे हप्त्याने व उशिरा येतात. डिपॉझिटच्या हिशेबात ते धरले की फसलात.

कागदपत्रं गावातच उरका. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून नवा एप्रिल-मेमध्येच काढा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते. रहिवासी, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता हेही सोबत हवं. एका दाखल्यासाठी परत यावं लागलं तर जाण्या-येण्याचं भाडं आणि चार दिवस गेले. आधार कोणत्या बँक खात्याला जोडलेलं आहे, तेही तपासा. शिष्यवृत्ती त्याच खात्यात पडते, मग ते दोन वर्षं बंद पडलेलं का असेना.

जागेबद्दल थोडं सविस्तर. एमपीएससीवाले सदाशिव-नारायण पेठेत राहतात, कारण अभ्यासिका पायी गाठता येते. चाकणच्या कारखान्यात लागलेल्याने पेठेत राहायचं काही कारण नाही. कंपनीची बस कुठून सुटते ते आधी विचारा आणि त्या थांब्याजवळ जागा बघा. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपयाही ऑनलाइन पाठवू नका. पहिले तीन-चार दिवस गावच्या कोणाकडे मुक्काम करा आणि मगच शोधा.

मालकाला चार गोष्टी विचारा: वीज भाड्यात आहे की सबमीटरवर, आणि सबमीटर असेल तर युनिटचा दर किती, सोडताना नोटीस किती दिवसांची, रंगरंगोटीचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, इंडक्शन चालेल का. फ्लॅट घेत असाल तर भाडेकरार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. आत शिरताना भिंती, नळ, गादी यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मालकालाच पाठवून ठेवा. डिपॉझिटचे वाद बहुतेक भिंतीच्या डागांवरूनच होतात.

मेस लावताना दर सगळे विचारतात, खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होण्याचा नियम कोणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी सलग ठरावीक दिवस नसाल आणि आधी सांगितलं असेल तरच खाडा धरतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणजे महिन्यात चार-पाच जेवणं बाहेरची. ती वरखर्चात धरा.

फ्लॅटवर रांधणार असाल तर गावाकडून गहू ओढत नेण्यापेक्षा तूरडाळ न्या. वजनाला कमी, किमतीला जास्त. गावच्या मिलवर १० किलो तुरीची साधारण ७ किलो डाळ पडते. दोन दिवस कडक ऊन द्या, किलोमागे चमचाभर एरंडेल तेल चोळा आणि कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा. नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात सोनकिडे होतात. गॅससाठी ५ किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

रेशनचंही बघा. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य पुण्यातल्या दुकानातही अंगठा देऊन उचलता येतं, पण घरच्यांनी त्या महिन्याचं सगळं उचललं असेल तर तुमच्या वाट्याला काही उरत नाही. आधी फोनवर ठरवा. अमरावती विभाग आणि वर्धा जिल्ह्यात केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी रोख रक्कम खात्यात येते, त्यांनी पुण्यात दुकानात जाऊन उपयोग नाही.

राहिला दिवाळीचा प्रवास. खासगी ट्रॅव्हल्सला एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायला बंदी आहे. दिवाळीत हा नियम कुठे जातो कोणास ठाऊक. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यांनी सरळ एसटी धरावी. बाकीच्यांनी बडनेरा, धामणगाव, वर्धा अशी जी जवळ असेल तिथपर्यंतची रेल्वे बघावी. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. पोळा ते लक्ष्मीपूजन हे अंतर दोन अमावास्यांचं, म्हणजे ५९ दिवसांच्या आसपास. तेव्हा धनत्रयोदशीला निघायचं तिकीट पोळ्याच्या तीन दिवस आधी उघडतं, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची परतीची गाडी तान्हा पोळा (पोळ्याचा दुसरा दिवस) झाला की दुसऱ्या सकाळी.